पुनवेची चिंबोरी

जावयानं सासरी यावं, मानाच्या जागी बसावं, पुढ्यात येईल ते गोड मानून खावं आणि वेळेवर आपल्या घरी जावं. सुयशरावांना यातलं खाणं तेवढं जमायचं, आणि तेही ताटाचा फोटो काढून झाल्यावर. तोवर बाकीची माणसं घास हातात धरून त्यांच्या फोनकडे बघत राहायची. बरं, फोटोवर थांबेल तो जावई कसला. चांगुणाबाईंच्या शेवग्याला हातभर शेंगा लागल्या, तर यांनी फोनमध्ये कुण्या परमुलखातल्या दीड हात शेंगा दाखवल्या. शेजारच्या बारशाला बाळ रडायला लागलं, तर त्याच्यापुढे दुसऱ्याच कुणाच्या बाळाचा हसण्याचा व्हिडिओ धरला. या माणसाला काहीही दाखवा, त्याहून मोठं, त्याहून चांगलं त्याच्या खिशात आधीच असायचं.

हे सगळं चांगुणाबाई बघत आणि गिळत. आता चांगुणाबाई आणि गिळणं या दोन गोष्टी काल्हेरात कुणी एकत्र ऐकल्या नव्हत्या. शाळेशी त्यांचा संबंध दुसरीपर्यंत आला, आणि तोही मास्तरांना त्यांच्या तंबाखूवरून बोलल्यामुळे तुटला, असं गावात सांगत. गोदामांकडे जाणारे ट्रक दारात आडवे लावणारे ड्रायव्हर त्यांचा आवाज ऐकला की हॉर्न न वाजवता मागे घेत. मुलगा प्रितेश, सून, भावकी, भाडेकरू, त्या जिभेची चव सगळ्यांनी घेतली होती. फक्त जावयाला बोलायचं नाही. त्यांच्या सासूनं सांगून ठेवलं होतं, जावई म्हणजे उसना आणलेला दागिना, त्याला ओरखडा उठला तर भोगायचं लेकीनं. हर्षला त्यांची एकुलती एक लेक. म्हणून इतकी वर्षं सुयशरावांच्या वाट्याचे सगळे शब्द चांगुणाबाईंनी लोणच्यासारखे बरणीत घालून ठेवले होते. मुरत होते.

कोजागिरीला मात्र बरणीचं झाकण हललं.

झालं होतं असं. प्रितेशची मुलगी ईरा कॉलेजात शिकायची. यंदा अख्खा पावसाळा ही पोर मागच्या पडवीत दोन जाड गोल काचा एकीवर एक ठेवून, मध्ये काळी पूड आणि पाणी घालून घासत बसली होती. चांगुणाबाईंनी आधी विचारलं होतं, की एवढं घासून जात्यातून निदान पीठ तरी पडतं, यातून काय पडणार. पण पोर ऐकेना. हाताला घट्टे पडले तरी घासत राहिली. वरची काच हळूहळू खोलगट झाली, तिला मुंबईहून आरशासारखा मुलामा देऊन आणलं, आणि सांडपाण्याच्या जाड प्लास्टिकच्या पाइपात ती बसवली. गोदामानं टाकून दिलेल्या लाकडी फळ्यांचा घोडा केला आणि त्यावर तो पाइप चढवला. झाली दुर्बीण. परसातली शेवग्यापलीकडची मोकळी जागा तिनं त्यासाठी निवडली. राहनाळपासून इथवर गोदामांचे दिवे असे जळायचे की तारे दिसेनासे होऊन जमाना लोटला होता. आकाशात बघण्यासारखा उरला होता तो एकटा चांद.

चांगुणाबाईंना तो पाइप बघून जो अभिमान वाटला तो त्यांनी ईराला दाखवला नाही, गावाला मात्र दाखवायचा ठरवला. ईरा म्हणाली, आजी, बोलवायचं तर अष्टमीला बोलाव, पौर्णिमेला काही दिसत नाही, सावल्या पडत नाहीत. तिनं कागदावर गोळे काढून समजावलंसुद्धा. चांगुणाबाईंनी तो कागद उलटा धरला आणि निकाल दिला. अर्ध्या चांदाला कोण पाहुणे बोलावतं? पाव्हण्याला अर्धी भाकर वाढतात का? चांदाचा दिवस म्हणजे कोजागिरी. लहान पोरालाही ठाऊक आहे.

कोजागिरीच्या सकाळी कोळीण दारात खाडीतल्या खेकड्यांची, चिंबोऱ्यांची पाटी घेऊन आली होती. सुयशरावांना चिंबोऱ्यांचं कालवण म्हणजे जीव की प्राण. चांगुणाबाईंनी एक चिंबोरी उचलली, पोटाला अंगठा लावून दाबली आणि परत पाटीत टाकली. पुनवेची चिंबोरी कोण घेतं, त्यांनी कोळणीला ऐकवलं, वरून बघावी तर ही एवढी, फोडावी तर आत नुसतं पाणी. घ्यायची तर आवसेची, मांसानं भरलेली. आणि तेवढ्याच दमात त्यांनी कोळणीलाही आवतण दिलं, संध्याकाळी ये, पुनवेचा चांद दाखवते. आपण एका तोंडानं काय बोललो आणि दुसऱ्या तोंडानं काय, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं नाही.

संध्याकाळी आळी लोटली. सुनेनं चारोळ्या घालून दूध आटवलं होतं. चांद गोदामाच्या पत्र्यावरून वर आला, हा एवढा, पिवळाधम्मक. थोडा वर चढू दिला आणि पहिला मान म्हणून चांगुणाबाईंनीच पाइपाच्या बाजूच्या भोकाला डोळा लावला. रात्रीच्या रस्त्यावर ट्रकचा दिवा डोळ्यांत घुसावा तसं झालं. पांढरं. सगळं पांढरं. डोळ्यातून पाणी वाहू लागलं. मागे अख्खी आळी ताटकळलेली. चांगुणाबाईंनी पदरानं डोळा पुसला आणि जाहीर केलं की ससा दिसला.

मग ज्याला त्याला ससा दिसू लागला. आजीला दिसला म्हटल्यावर न दिसायची कुणाची छाती? पण डोळे चोळत परतणाऱ्या माणसांकडे बघत ईरा पाइपामागे उभी राहिली होती, ओठ आत घेऊन.

सुयशरावांची पाळी आली. त्यांनी डोळा लावला, काढला, आणि हसले. खिशातून फोन काढून चांदावर धरला, दोन बोटांनी चित्र मोठं केलं. काचेवर चांद उमटला, स्वच्छ, काळ्याकरड्या डागांसकट. फोन या हातातून त्या हातात गेला. "हे बघा," सुयशराव म्हणाले, "आणि हे गटाराच्या पाइपाशिवाय." आळी हसली. कोळीण हसली. हसणाऱ्यांत चांगुणाबाईंची स्वतःची सूनही होती, नंतर तिनं नाही म्हणून सांगितलं तरी. सुयशरावांनी रांगेचा व्हिडिओ काढला, त्यावर लिहिलं, ‘सासूबाईंची ट्यूबलाइट’, आणि दिला सोडून.

सकाळपर्यंत तो भिवंडी फिरून आला होता. भाजीवाल्यानं विचारलं, आजी, ट्यूबलाइट पेटते का अजून. त्या दिवशी त्याची एकही जुडी खपली नाही इतकं त्याला ऐकावं लागलं. पण ते राग काढणं झालं. खरी गोष्ट घरात होती. ईरानं पाइप उतरवला, गोदामातून येतं त्या फुगेवाल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळला आणि माळ्यावर टाकला. घोड्याच्या फळ्या चुलीला घ्या म्हणाली. ती रडली असती तर चांगुणाबाईंनी तिला दटावून दटावून हसवलं असतं. पण ती रडली नाही. परसात यायचीच बंद झाली. कपडे वाळत घालायलासुद्धा दुसऱ्या कुणाला तरी पाठवायची. पुढच्या वर्षी हेच आकाशाचं शिक्षण घ्यायला पुण्याला जायचं असं तिच्या डोक्यात होतं. आता बापाला सांगत होती की बँकेच्या परीक्षा देईन म्हणते. चांगुणाबाईंनी फळ्या चुलीपासून लांब उचलून ठेवल्या आणि पोरीच्या पाठीकडे बघत राहिल्या. गाव आपण बोलावलं होतं. तिथी आपण धरली होती. हसं मात्र पोरीचं झालं, आणि पोर असं काही टाकून द्यायला निघाली होती की जे परत उचलता येत नाही.

दिवाळी आली. घर टाइल्सचं झालं तरी तुळशीपुढची चौकोनी जागा चांगुणाबाई दरवर्षी शेणानं स्वतः सारवायच्या, दुसऱ्याचा हात लावू द्यायच्या नाहीत. धनतेरसच्या पहाटे सारवून उठल्या. वाळेपर्यंत कोवळं ऊन भिंतीच्या कडेवरून तिरकं आलं, आणि त्यांना आपलीच पाची बोटं दिसली. हात जिथून जिथून फिरला होता तिथे तिथे नांगरटीसारख्या रेघा उठल्या होत्या. एक खडा राहून गेला होता, त्याची सावली बोटभर लांब पडली होती. चांगुणाबाई स्वतःवरच चरफडल्या. हात थकला म्हणायचा.

दुपारी रांगोळीला आल्या तर जमीन गुळगुळीत. रेघ नाही, खडा नाही. ऊन डोक्यावर होतं. त्यांनी खाली बसून तळहात फिरवला, तर रेघा हाताला लागत होत्या. होत्या तिथेच होत्या. डोळ्यांना दिसत नव्हत्या एवढंच. रांगोळीचा डबा बाजूला ठेवून त्या भिंतीच्या सावलीत बसून राहिल्या. ऊन कललं, तसतशी एकेक रेघ पुन्हा उठून उभी राहिली, खडा पुन्हा आपली सावली ओढत आला. सुनेनं दोनदा चहाला हाक मारली. चांगुणाबाई उठल्या त्या थेट ईराच्या खोलीत.

"पुनवेला चांदावर भर दुपार असतेय," त्यांनी सांगितलं. "ऊन डोसक्यावर. म्हणून सावली न्हाय, अन् म्हणून काय दिसत न्हाय. समजलं का तुला?"

ईरानं पुस्तकातून मान वर केली. "आजी, मी हेच सांगत होते तुला. कागदावर काढून."

"तू सांगत व्हतीस. मला आज दिसलं. उतरव तो पाइप."

चांगुणाबाईंच्या तोंडून माफी म्हणून याहून जास्त काही कधी निघालं नव्हतं, हे ईराला माहीत होतं. पण ती हलली नाही. सुयशकाकांनी तो व्हिडिओ अजून पुसलेला नाही, म्हणाली. माझ्या मैत्रिणींनी बघितलाय. पुन्हा हसं करून घ्यायचं नाही. चांगुणाबाई दारातच बसल्या. नात नाही म्हणते तोवर आपण इथून उठत नाही आणि दिवाळीचा फराळही होत नाही, हे त्यांनी शांतपणे कळवलं. शेवटी ईरानं अट घातली. आधी आजीनं एकटीनं बघायचं. आणि खोटं बोलायचं नाही. ससा दिसला म्हणायचं नाही.

भाऊबीज झाली आणि दोन-तीन दिवसांनी, दिवेलागणीला, कोर चांगली जाड झाली तेव्हा पाइप पुन्हा घोड्यावर चढला. आकाशात अजून उजेड होता. ईरानं पाइप वळवला, नेम धरला आणि बाजूला झाली. चांगुणाबाईंनी दुखऱ्या कमरेवर हात ठेवून डोळा लावला.

कोर उलटी दिसत होती, ते ईरानं आधी सांगून ठेवलं होतं. ती हळूहळू सरकत होती, ईरा बोटानं पाइप लोटून तिला परत आणत होती. पण कोरीची आतली कड, उजेड जिथे संपतो आणि अंधार सुरू होतो ती, तिथे चांद सपाट नव्हता. तिथे खड्डे होते. गोल, काठ उचललेले, अर्ध्यात काळी सावली भरलेले, मोठ्या खड्ड्यात लहान, लहानाच्या काठावर आणखी लहान. चांगुणाबाईंचं माहेर खाडीकाठचं. पाणी ओसरलं की चिखल चमकायचा आणि त्यात निवट्या माशांची, चिंबोऱ्यांची बिळं अशीच दिसायची, काठ वर आलेली, सांजच्या उन्हात सावल्यांनी भरलेली. त्या बिळांत हात घालून त्या लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या. ती खाडी आता भरावाखाली गेली, वर गोदाम आलं.

"ईरा," त्या डोळा न काढता म्हणाल्या, "वर ओहोटी लागलीय गं."

ईरा हसली. कोजागिरीनंतर पहिल्यांदा हसली, आणि चांगुणाबाईंना जे बघायचं होतं ते दुसऱ्या डोळ्यानं दिसलं.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी फर्मान काढलं. अष्टमीला सगळ्यांनी यायचं, जे जे हसले त्यांनी तर यायचंच. हर्षलाला फोन गेला की चिंबोऱ्या करणार आहे, जावयांना घेऊन ये. परत कशाला, सुयशरावांनी मागून विचारलेलं फोनवर ऐकू आलं, ट्यूबलाइट बघायला का? चांगुणाबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि कोळणीच्या पाटीतली एकेक चिंबोरी अंगठ्यानं दाबून पारखून घेतली. आवस नुकती उलटली होती. भरलेल्या होत्या.

अष्टमीला दिवस मावळला तेव्हा चांद आधीच डोक्यावर होता, अर्धा, सुरीनं कापल्यासारखा. माणसं आली, पण चालण्यात कोजागिरीचा उत्साह नव्हता. चिंबोऱ्यांच्या वासानं आली म्हणा. सुयशरावांनी आल्या आल्या मान वर करून बघितलं, आज तर अर्धाच आणलाय म्हणाले, आणि फोन काढला. काचेवर अर्धी चकती उमटली, कड जरा खरबरीत, बस. त्यांनी फोन हलवला, पुन्हा धरला. तरी तेवढंच. "अर्ध्यात काय बघायचं?" ते म्हणाले.

पहिला मान जावयाचा, चांगुणाबाईंनी एवढंच सांगितलं आणि पाइपाकडे हात केला. त्यांचा स्वर इतका गोड होता की प्रितेशनं दचकून आईकडे बघितलं.

सुयशराव वाकले. हातात फोन तसाच. डोळा लावला, आणि तोंडात तयार असलेला विनोद तोंडातच राहिला. ईरा शेजारी उभी राहून हळू आवाजात सांगत होती. ती बघा तीन वाडगी, एकाला एक लागून. तिसऱ्याच्या मधोमध सुळका आहे, त्याची सावली पडलीय. त्या बाजूला डोंगरांची रांग वळत गेलीय. आणि आता कडेच्या पलीकडे, अंधारात बघा. अंधारात पणतीच्या वातीएवढा एक ठिपका पेटलेला होता, कशालाच न चिकटलेला.

"हे काय आहे?" सुयशरावांनी विचारलं. आवाज त्यांचा वाटत नव्हता.

"डोंगराचं टोक. तिथे आता सकाळ होतेय. खाली अजून अंधार आहे, टोकाला ऊन पोचलं. जेवून येऊन परत बघा."

त्यांनी फोन त्या भोकाला लावून बघितला. हात हलला, उजेडाचा एक पट्टा आला आणि गेला. दुसऱ्यांदा लावला, तेच. मग त्यांनी फोन तुळशीच्या ओट्यावर ठेवला आणि पुन्हा डोळा लावला. मागे रांग चुळबुळायला लागली. चांगुणाबाईंनी रांगेला एक नजर दिली, रांग गप्प झाली. बऱ्याच वेळानं जावई बाजूला झाले तेव्हा एकेकजण पुढे आला. आणि आज कुणाला ससा दिसला नाही. कोळणीनं डोळा लावला आणि बिळं, बिळं असं ओरडून आपल्याच तोंडावर हात ठेवला. भाजीवाला दोनदा रांगेत घुसला. सुनेनं बघितलं आणि ईराच्या गालावरून बोटं फिरवून स्वतःच्या कानशिलावर मोडली. ज्या आळीनं ट्यूबलाइट म्हणून टाळ्या दिल्या होत्या, ती आळी आता ईराला विचारत होती, की पोरी, ते खड्डे पडले कशानं, आणि ईरा सांगत होती, दगड आदळून, आणि सांगताना तिची मान वर होती.

जेवणं झाली. चिंबोऱ्या भरलेल्या निघाल्या. सुयशरावांनी ताटाचा फोटो काढला नाही, हे आधी हर्षलाच्या लक्षात आलं, मग सगळ्यांच्या. हात धुऊन ते कुणी न सांगता परसात गेले. ईरानं पाइप वळवून दिला. वातीएवढा ठिपका आता तेवढा राहिला नव्हता. त्याच्या बाजूला दुसरा पेटला होता, आणि दोघांच्या मध्ये बारीक उजेडाची कड उतरली होती. चांदावरची सकाळ, ते जेवत होते तोवर, डोंगरावरून खाली सरकली होती.

ओट्यावर फोन वाजू लागला. वाजून थांबला. पुन्हा वाजला. हर्षलानं उचलून दिला, तुमच्या ऑफिसातून आहे म्हणाली. "राहू दे," सुयशराव वाकल्या वाकल्या म्हणाले. मग ईराला विचारलं, "ही काच तू हातानं घासलीस? सगळी?"

"हातानं," ईरा म्हणाली. "आणि पुण्याला गेले की याहून मोठी घासणार आहे."

ते वाक्य चांगुणाबाईंनी ऐकलं. बँकेच्या परीक्षा गेल्या खड्ड्यात, तिसऱ्या वाडग्यात, सुळक्याशेजारी. त्यांनी पदर खोचला आणि जावयासमोर जाऊन उभ्या राहिल्या. लेक घाबरून आई, आई करू लागली. सासूनं सांगून ठेवलेलं सगळं चांगुणाबाईंना आठवत होतं. पण दागिना उसना असला तरी कधी तरी घासावा लागतो.

"सुयशराव, इतकी वर्सं तुमाला मी एक सबूद बोलले न्हाय, आज बोलते. तुमी म्हंजे पुनवेची चिंबोरी. वरून बघावी तर केवढी, अन् फोडली का आत पाणी. आज पयल्यांदा तुमी तोंड मिटून डोळा उघडलात, तवा वाटलं, आत थोडं मांस हाय. आता बाजूला व्हा, मागं कोळीण थांबलीय. अन् त्या पाइपाला परत हात लावायचा तर आधी माझ्या नातीला इचारायचं."